पानसे धजत नाहीत

आमच्या समोरच्या दारात राहणारे पानसे गेली चाळीस वर्षं एकाच इंग्रजी शब्दात घाबरतात. शब्द आहे डर्स्ट. पुरं वाक्य असं, "आय डर्स्ट नॉट."

लिफ्टच्या इमारतीत कुणी जेवायला बोलावलं, आय डर्स्ट नॉट. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आय डर्स्ट नॉट. एकदा मी त्यांना अळूची वडी दिली. घशाला खाजेल म्हणून दहा मिनिटं बशीकडे बघत उभे राहिले आणि शेवटी तेच म्हणाले. वडी मी परत आणली आणि ओट्यापाशी उभी राहून खाल्ली. खाजली नाही.

इमारतीतली पोरं त्यांना डस्टरकाका म्हणतात. पानसेंना ते माहीत आहे. पोरांना रागवायला ते धजत नाहीत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी मला येत नाही आणि यावं असं कधी वाटलंही नाही. पण हा एक शब्द मला त्याच्या कुळासकट माहीत आहे, कारण फार वर्षांपूर्वी मी चुकून त्याचा अर्थ विचारला होता.

सदाशिव पेठेतल्या एका बोळात तेव्हा आमचा छापखाना होता. आमचा म्हणजे आम्ही तिथे राबायचो. शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं तिथे छापली जायची. माझा नवरा बायंडिंगला होता. मी छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायचे. पानसे प्रूफं तपासायचे, म्हणजे छापण्याआधीच्या कच्च्या कागदावर तांबड्या पेन्सिलीने चुका काढायचे. ते मॅट्रिक झालेले. गोरा साहेब त्यांनी जन्मात पाहिला नसेल, पण पुस्तकाच्या शेवटी क्रियापदांच्या तीन-तीन रूपांचा जो तक्ता असायचा, तो तपासून तपासून त्यांना पाठ झाला होता. गो, वेंट, गॉन कुणालाही येतं. पानसेंना कुणालाच येत नसलेली रूपं यायची.

एकदा मालक तो तक्ता घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. "पानसे, डेअरच्या पुढे डेअर्ड आहे, ते ठीक. त्याच्या शेजारी हे डर्स्ट कशाला? कोण वापरतं हल्ली?"

"मी वापरतो," पानसे म्हणाले.

"कधी?"

"रोज, साहेब."

मालक हसले आणि शब्द राहिला. पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत राहिला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "अहो पानसे, आहे तरी काय ते डर्स्ट?"

विचारायला नको होतं. त्यांनी डबा बंद करून बाजूला ठेवला.

"डेअर म्हणजे धजणे. डर्स्ट हा त्याचा जुना भूतकाळ. मी धजलो, तू धजलास, ते धजले, सगळ्यांना एकच रूप. आता मला सांगा, मराठीत कुणी 'मी धजलो' असं म्हणतं का?"

मी आठवून पाहिलं. "नाही. 'धजलो नाही' असंच म्हणतात."

"तसंच याचं. डर्स्ट सहसा एकटा येत नाही. नॉटला बरोबर घेऊन येतो. आणि त्या दोघांच्या पुढे 'टू' लावायचा नाही. आय डर्स्ट नॉट गो. आय डर्स्ट नॉट स्पीक. मध्ये कुणी नाही."

"मग सरळ मराठीत धजलो नाही म्हणा की."

पानसेंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मराठीत म्हटलं की लोकांना कळतं हो, शेवंताबाई."

मग जरा वेळाने म्हणाले, "शिवाय हे भूतकाळाचं रूप आहे. भ्यायलो होतो. ते झालं, संपलं. आत्ता भीत नाही." हे सांगत असताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या पालीकडे होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते. मुलीचे वडील म्हणाले, काही विचारायचं असेल तर मोकळेपणी विचारा. पानसेंनी विचारलं, "घराला मागचं दार आहे का?" आग लागली तर बाहेर कसं पडायचं, एवढीच त्यांची काळजी होती. मुलीकडच्यांनी वेगळा अर्थ घेतला. तिथून पुढे कुणी त्यांना मुलगी दाखवली नाही आणि त्यांनीही आठवण केली नाही.

पुतण्या साताऱ्याला असतो. त्याच्या लग्नाला जायला पानसे नवा सदरा घालून स्वारगेटला निघाले आणि तासाभरात परत आले. रस्ता ओलांडता आला नव्हता. अहेराचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमच्या ओळखीचं कुणी साताऱ्याला जाणार असेल तर बघा." मी म्हटलं, "माझ्या ओळखीचं कुणी लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा काका होऊन जाणार नाही." ते चार दिवस बोलले नाहीत.

पावसाळ्यात त्यांची निराळीच तऱ्हा. खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी पेपरात आली की एक पिशवी भरून दाराशी ठेवतात. तीत दोन सदरे, औषधं, चष्म्याचं घर आणि तांबड्या पेन्सिली. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. तिथवर पाणी यायचं झालं तर आधी अर्धं पुणं वाहून जायला लागेल. मी तसं म्हटलंही. पानसे म्हणाले, "म्हणजे शक्यता आहे."

छापखाना बंद झाला तरी त्यांची तपासणी बंद झाली नाही. हातात कागद आला की तांबडी पेन्सिल निघते. लग्नपत्रिका सुधारून ज्याची त्याला परत नेऊन देतात. आणि कुठलाही कागद एकदा तपासून त्यांचं भागत नाही. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मशीन प्रूफ. मशीन प्रूफ म्हणजे शेवटचं, त्यानंतर छापायचं. ते तर शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, उलटं वाचतात, म्हणजे डोळा अर्थाच्या नादाला लागत नाही. आणि दर दोन वाचनांच्या मध्ये तास-दीड तास कागद बाजूला ठेवायचा. "डोळा निवला पाहिजे," असं म्हणतात. विजेच्या कनेक्शनच्या अर्जाला त्यांनी एकदा दोन दिवस घेतले होते. दोन दिवस मी अंधारात होते, कारण अर्ज माझा होता.

माझा नवरा गेला तेव्हा पानसे सकाळी सात वाजता आमच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आत यायला धजले नाहीत. पण नेईपर्यंत तिथून हललेही नाहीत. कुणी खुर्ची दिली तर तीही घेतली नाही. तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. सकाळी दहाला पेपर वाचून झाला की ते पेन्सिलीने माझं दार दोनदा वाजवतात आणि चुकांना तांबड्या खुणा केलेला पेपर माझ्या हातात देतात. आत येत नाहीत. मी दुपारी भाकरी करते तेव्हा त्यांची ताटली नेऊन देते. मीही आत जात नाही. दोघं म्हातारे झालो तरी पेठेत दोन दारं आणि दोन उंबरे सांभाळावे लागतात.

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी दहा वाजले आणि दार वाजलं नाही.

सव्वादहाला मी जाऊन त्यांचं दार वाजवणार तो आतून एका पुरुषाचा आवाज आला. मोठा, दरडावणारा, अर्धा हिंदी अर्धा इंग्रजी. आणि मध्ये मध्ये पानसेंचा बारीक आवाज, "येस सर. येस सर." पानसेंकडे पुरुष पाहुणा मी चाळीस वर्षांत पुतण्याखेरीज पाहिला नव्हता.

"पानसे, पेपर?" मी बाहेरून विचारलं.

आत एकदम गप्प झालं. मग पानसे म्हणाले, "आज नाही."

"बरं वाटत नाही का?"

"जा तुम्ही."

मी गेले. म्हटलं, असेल कुणी विम्याचा एजंट, झाडतोय यांना. पण कामात लक्ष लागेना. मी नळाशी गेले तरी कान त्या दाराकडे. तो आवाज थांबतच नव्हता. मला भीती वाटत नाही असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

साडेबाराला भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. दार बराच वेळ उघडलं नाही. उघडलं ते वीतभर. फटीत पानसेंचा चेहरा. ओठ पांढरे, सदरा गळ्यापर्यंत बंद, आणि अंगात काळा कोट. तो कोट ते फक्त कुणाच्या अंत्ययात्रेला घालतात. त्यांच्या मागे टेबलावर चहाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात खाकी कपड्यातला एक माणूस बसला होता.

"कौन है? किससे बात कर रहे हो?" तो माणूस ओरडला.

"कोई नहीं, सर," पानसे मागे वळून म्हणाले. "कामवाली है. अनपढ है."

मग माझ्याकडे वळले आणि मला म्हणाले, "किती वेळा सांगितलं तुला, जेवण नको म्हणून? कळत नाही का? उद्यापासून येऊ नकोस."

आणि दार लावलं. मोठ्याने लावलं.

मी ताटली घेऊन घरी आले. आधी रागच आला, आणि चांगलाच आला. कामवाली म्हटल्याचा नाही. लोकांच्या घरची कामं मी केली आहेत, त्यात लाज नाही. अनपढ म्हटल्याचा थोडा. पण तू म्हटल्याचा फार. माझ्या नवऱ्याच्या देखत, त्याच्या माघारी, छापखान्यात, जिन्यात, भांडणात, कधी म्हणून या माणसाने मला तुम्ही सोडून हाक मारली नव्हती. लहान पोरांनासुद्धा ते अहो म्हणतात. मी पिठलं झाकून ठेवलं आणि ठरवलं, आता या दाराशी जायचं नाही.

मग बसल्या बसल्या दुसरा विचार आला. माझ्या दाराची बेल दाबताना विजेचा झटका बसेल म्हणून जो माणूस पेन्सिलीने दार वाजवतो, त्याला माझ्यासारखीला तू म्हणायचं धाडस आलं कुठून? पानसे मला घाबरतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे आत जे कुणी होतं, त्याला ते माझ्याहून जास्त घाबरले होते.

मी चपला घातल्या आणि खाली उतरले. चौकी कोपऱ्यावरच आहे, पण त्या दिवशी तो कोपरा सरकत सरकत लांब गेला. डोळ्यासमोर तो कोट येत होता. अंत्ययात्रेचा कोट घालून हा माणूस बसला आहे, आणि अंत्ययात्रा कुणाची ते मला कळत नव्हतं.

चौकीत जगतापबाई म्हणून हवालदार होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला चष्मा लावलेल्या.

"बोला आजी."

"शेजारचे पानसे मला तू म्हणाले."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "तू म्हणाले म्हणून तक्रार करायची आहे?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले."

"आजी, तू म्हणण्याला कलम नाही हो. सदाशिव पेठेत असतं तर आम्हाला दुसरं काम उरलं नसतं."

"हसू नका. त्यांच्या टेबलावर फोनमध्ये वर्दीतला माणूस बसलाय. सकाळपासून ओरडतोय. आणि हे कोट घालून येस सर, येस सर करताहेत."

जगतापबाई उठल्याच. "सकाळी किती वाजल्यापासून?"

"दहाच्या आधीपासून."

"आता दोन वाजले," त्या म्हणाल्या आणि टोपी घेतली. "चला. भरभर चला."

त्यांनी भरभर म्हटल्यावर मी खरी घाबरले. वाटेत त्या सांगत होत्या. असे फोन हल्ली पुष्कळ येतात. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात नको त्या वस्तू आहेत, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, खुर्चीवरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पोलीस वगैरे सगळं खोटं. एकटं म्हातारं माणूस बघतात आणि शेवटी बँकेतलं सगळं काढून घेतात. "पैशाचं एक वेळ बघता येतं," त्या म्हणाल्या, "पण काही लोक घाबरून..." आणि पुढचं बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. जिना चढताना कठड्याला धरलं.

जगतापबाईंनी दार वाजवलं. "पानसेकाका, पोलीस आहे. दार उघडा."

आतला दरडावणारा आवाज बंद झाला. मग हळू, गोड आवाजात काहीतरी बोलला. तो गोड आवाज मला जास्त वाईट वाटला. जगतापबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. दाराशी कुणी पोलीस म्हणून आलं तर ते तोतये आहेत."

"काका, उघडा!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे श्वासाचासुद्धा आवाज नाही. मी दाराला कान लावून उभी होते.

"दार तोडायला माणसं बोलावते," जगतापबाई म्हणाल्या.

"तोवर काही झालं म्हणजे?" मी म्हटलं आणि दाराला तोंड लावून ओरडले, "पानसे, मी शेवंता. तुम्ही दार उघडत नाही ना? ठीक आहे. मी माझ्या गॅलरीत स्टूल ठेवते आणि तुमच्या गॅलरीत येते."

दारं समोरासमोर असली तरी रस्त्याच्या बाजूला आमच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून आहेत. मध्ये कमरेएवढा कठडा आणि खाली दोन मजले. मी शहात्तर वर्षांची. हे सगळं मला माहीत होतं, पण मी घरात गेले, स्टूल ओढलं आणि ते फरशीवर घासत नेलं. मुद्दाम नव्हे, उचलवत नव्हतं म्हणून.

मी एक पाय स्टुलावर ठेवला असेल नसेल, तोच समोरच्या दाराची कडी पडली आणि पानसेंची किंकाळी आली. "पडाल हो! पडाल! अहो, धरा त्यांना कुणीतरी!"

मी परत येईपर्यंत जगतापबाई आत गेल्या होत्या. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. फोनमधला माणूस इंग्रजीत ओरडत होता. जगतापबाईंनी फोन उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "बोला साहेब. कुठल्या ठाण्याला असता?" तो बघत राहिला. "वर्दी चांगली आहे. भाड्याची का?" फोन काळा झाला.

पानसे भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. पाण्यासाठी दोनदा परवानगी मागितली, मिळाली नाही. मी तांब्या दिला तर अर्धं पाणी कोटावर सांडलं. "फोन बंद केला तर हातकड्या घालून पेठेतून नेणार होते," ते म्हणाले. "दोन वेळा सांगितलं त्यांनी. पेठेतून."

"काका, बँकेचं काही केलंत का?" जगतापबाईंनी विचारलं. "काही पाठवलंत?"

"अजून नाही," पानसे म्हणाले. "दुसरं प्रूफ चाललं होतं."

"कसलं दुसरं?"

टेबलावर कागद होते. त्या माणसाने फोनवर अटकेचा हुकूम पाठवला होता आणि त्याच्याबरोबर एक इंग्रजी कबुलीजबाबही. आधी कबुलीजबाबावर सही, मग ठेव मोडायचं बँकेला पत्र, असं ठरलं होतं. पानसेंनी फोनमध्ये बघून सगळा हुकूम आपल्या अक्षरात उतरवून घेतला आणि तांबड्या पेन्सिलीने तपासला. एका पानात बावीस चुका. त्या त्यांनी साहेबांना एकेक करून वाचून दाखवल्या. साहेब ओरडले. मग पानसेंनी कबुलीजबाब घेतला. त्याचं पहिलं प्रूफ वाचलं, बाजूला ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, आता तासभर थांबावं लागेल, डोळा निवला पाहिजे.

जगतापबाई खुर्चीत बसल्या. "आणि ते थांबले?"

"ओरडत होते. पण मी म्हटलं, सर, मशीन प्रूफ झाल्याशिवाय मी कधी कशाला मंजुरी दिली नाही. चुकीचं छापलं गेलं तर परत घेता येत नाही."

"तुम्ही त्यांना फसवत होतात?"

"छे, छे!" पानसे दचकलेच. "सरकारी कागद आहे असं समजून मी तो मनापासून केला."

जगतापबाईंनी कागद उचलला. "हे काय खोडलंय?"

"मी कुणाला सांगायला धजलो नाही, असं वाक्य होतं. त्यांनी ते अडाण्यासारखं लिहिलं होतं. मी तिथे डर्स्ट नॉट घातलं. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. मग अर्थ सांगितला, 'टू' का लावायचा नाही ते सांगितलं."

"किती वेळ सांगितलं?"

"पाऊण तास असेल. त्यांना नॉट काढून हवं होतं."

जगतापबाई हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "काका, लोक दोन तासांत सगळं देऊन बसतात हो. शिकलेले, मोठे मोठे साहेब." मला हसू आलं नाही. पानसेंची बोटं कोटाच्या बटणाशी चालली होती आणि त्यांना ते सुटत नव्हतं.

कागद गोळा करताना जगतापबाईंच्या हाती एक वेगळा कागद आला. वर इंग्रजीत काहीतरी लिहून खाली एक ते दहा आकडे घातले होते. आकड्यांच्या पुढे काही नव्हतं.

"ओळखीच्या माणसांची यादी," त्यांनी वाचलं. "ही मागितली होती का त्यांनी?"

"हो. नाव, फोन, आणि एकटं राहतं का ते."

"मग रिकामी कशी?"

"कुणी नाही म्हणून सांगितलं."

माझ्या मनात आधी हेच आलं, की खरंच आहे, कोण आहे यांना. मग पानसे माझ्याकडे न बघता बोलले. "सकाळी बाईंचा आवाज त्यांना ऐकू गेला होता. तेव्हापासून विचारत होते, ती कोण, तिच्याकडे कोण असतं, तिचा नंबर द्या. चार वेळा विचारलं. मी नाही म्हटलं की ते हातकड्या दाखवायचे. दुपारी बाई परत आल्या. मला वाटलं, कामवाली म्हटलं, अडाणी म्हटलं, तर नाद सोडतील. आणि तुम्ही म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता."

मग मी म्हटलं, "चौथी पास आहे मी. अनपढ नव्हे."

"मला माहीत आहे," पानसे म्हणाले. "मला माफ करा."

"करीन कधीतरी."

जगतापबाईंनी तक्रारीचा अर्ज काढला. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला. "जवळची व्यक्ती," त्या म्हणाल्या. "पुतण्याचं नाव लिहू का?"

"तो लांब असतो. आपण पेन देता का जरा?"

त्यांनी पेन घेतलं. मग लिहिलं, शेवंता मारुती कोंढाळकर. माझं पुरं नाव त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या रकान्यात नातं लिहायचं होतं. तिथे पेन थांबलं.

"बहीण लिहा," जगतापबाई म्हणाल्या. "चालतं."

"खोटं होईल."

"मग शेजारीण."

पानसेंनी मान हलवली. बराच वेळ घेतला. मला वाटलं, आता याचंही दुसरं प्रूफ निघतंय. मग त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "तपासून घ्या."

मी वाचलं. सहकारी, असं लिहिलं होतं.

बावीस वर्षं मी त्या छापखान्यात घड्या घातल्या. शेकड्यावर मजुरी मिळायची. हजेरीपटावर माझं नाव कधी चढलं नाही. छापखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांचा मिळून फोटो काढला, त्यातही घड्या घालणाऱ्या बायकांना कुणी बोलावलं नाही. मी तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि म्हटलं, "बरोबर आहे. द्या त्यांना."

जगतापबाई कागद आणि फोन घेऊन गेल्या. संध्याकाळ व्हायला आली होती. पानसे त्या खोलीत एकटे बसायला तयार नव्हते, पण तसं म्हणायलाही तयार नव्हते. दारातच घुटमळत होते. मी म्हटलं, "इकडे या. दुपारचं पिठलं आहे, गरम भाकरी करते." ते आले. माझा उंबरा ओलांडून आत आले आणि भिंतीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं. पहिली भाकरी थापली, ती उचलताना तुटली. पीठ गोळा करून पुन्हा थापली. दुसरीही तुटली. पानसे बघत होते.

मी नऊ वर्षांची असल्यापासून भाकरी करते आहे. माझी भाकरी तुटत नाही.

तिसऱ्या वेळी मी हात मांडीवर ठेवून जरा वेळ तशीच बसले. मग थापली. ती तव्यावर नीट पडली. फुगली, तेव्हा त्यांच्या ताटात वाढली.